५५५ टायमरचा आकाशकंदील: लाल दिव्यांची उघडझाप थांबते आणि पांढरे दिवे अर्ध्या उजेडात अडकतात

हौशी_कंदील (प्रश्न)

नमस्कार मंडळी. यंदाच्या दिवाळीसाठी घरीच आकाशकंदील करायचे ठरवले असून कागद आणि काड्यांचे काम पूर्ण झाले आहे, परंतु आतल्या दिव्यांनी गेले चार दिवस मला अडवून ठेवले आहे. कंदिलाच्या टोकांवरच्या लाल एलईडींची उघडझाप व्हावी आणि मधल्या पांढऱ्या एलईडींनी श्वास घेतल्यासारखे हळूहळू उजळावे व तसेच हळूहळू मंद व्हावे, अशी माझी कल्पना आहे. मायक्रोकंट्रोलर वापरून हे सोपे जाईल, हे मला ठाऊक आहे. पण मुलीला कपॅसिटर भरतो आणि रिकामा होतो म्हणजे काय होते ते डोळ्यांनी दाखवायचे असल्यामुळे मी मुद्दाम ५५५ हाच वेळ मोजणारा (टायमर) आयसी निवडला.

जोडणी अशी आहे. १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर आहे आणि एनई५५५ नेहमीच्या अस्टेबल (आपोआप चालू-बंद होत राहणाऱ्या) पद्धतीने जोडला आहे. धन बाजूपासून सातव्या पिनपर्यंत १ किलोओहमचा रेझिस्टर, सातव्या पिनपासून दुसऱ्या व सहाव्या पिनेपर्यंत १०० किलोओहम आणि तिथून ऋण बाजूला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. चौथी पिन धन बाजूला जोडली असून पाचवी मोकळीच सोडली आहे. तिसऱ्या पिनेपासून १ किलोओहममधून एका बीसी५४७ च्या बेसला जोड दिला आहे. हा ट्रान्झिस्टर बारा लाल एलईडी चालवतो, ज्यांच्या तीन-तीनच्या चार एकसर (एकामागे एक जोडलेल्या) माळा केल्या असून प्रत्येक माळेत ३३० ओहम आहे. कपॅसिटरच्या धन टोकाला, म्हणजे दुसऱ्या-सहाव्या पिनेलाच, दुसऱ्या बीसी५४७ चा बेस थेट जोडला आहे. त्याचा कलेक्टर १२ व्होल्टांना आणि एमिटर आठ पांढऱ्या एलईडींना जोडलेला आहे. हे आठही समांतर असून प्रत्येकाला स्वतंत्र २२० ओहमचा रेझिस्टर आहे.

ब्रेडबोर्डवर (डाग न देता जोडणी करून पाहायच्या बोर्डवर) मी पांढरा एलईडी एकच लावला होता आणि त्याला १ किलोओहम दिला होता. तेव्हा सगळे ठीक चालले. फक्त उजळायला सुमारे चार सेकंद आणि मंद व्हायला सुमारे तीन सेकंद लागत होते. दोन्ही वेळा जवळजवळ सारख्या यायला हव्यात असे सूत्र सांगते, तरी हा फरक मी मनावर घेतला नाही. तेच मंडल झिरो बोर्डवर डाग देऊन पक्के केल्यावर मात्र वीज दिल्यानंतर दोन-अडीच सेकंदांत पांढरे दिवे थोडेसे उजळतात आणि तिथेच थांबतात. ते पुढे तेजही होत नाहीत आणि मंदही होत नाहीत. लाल दिवे पेटतात ते पेटलेलेच राहतात. आयसी बदलून पाहिला, कपॅसिटर बदलून पाहिला, प्रत्येक डाग भिंगाखाली तपासला, पण काही उपयोग झाला नाही. चूक नेमकी कुठे शोधावी?

जुना_रेडिओ (उत्तर)

आपण जोडणी इतकी व्यवस्थित लिहिली आहे की आकृतीची गरज भासली नाही, त्याबद्दल आधी आभार. ब्रेडबोर्डवर चालणारे आणि बोर्डवर न चालणारे मंडल म्हटले की निम्म्या वेळा डागांत दोष असतो, पण आपण ते तपासले आहेत, त्यामुळे मी दुसरीकडून सुरुवात करतो.

५५५ मध्ये अडकण्याच्या जागा मोजक्याच आहेत. चौथी पिन तरंगती राहिली तर आयसी आपल्या मर्जीने थांबतो, पण आपल्याकडे ती जोडलेली आहे. दुसरी आणि सहावी पिन एकमेकींना खरोखर जोडलेल्या आहेत की नाहीत, हे मल्टीमीटरच्या आवाजावर न विसंबता ओहमच्या पट्ट्यावर पाहावे. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर जुना असेल तर तो इतका गळतो की १०० किलोओहममधून येणारा प्रवाह त्या गळतीतच निघून जातो आणि व्होल्टेज वर चढतच नाही. माझ्याकडे एका जुन्या डब्यातले कपॅसिटर असेच निघाले होते. मात्र आपण कपॅसिटर बदलला असल्यामुळे ही शंका मला स्वतःलाच थोडी लंगडी वाटते.

म्हणून दोन गोष्टी करून पाहा. पहिली म्हणजे दिवे अडकलेल्या अवस्थेत दुसरी, तिसरी आणि आठवी पिन यांवरचे व्होल्टेज पहिल्या पिनेच्या तुलनेत मोजून इथे लिहा. दुसरी म्हणजे पांढऱ्या दिव्यांच्या ट्रान्झिस्टरचा बेस कपॅसिटरपासून सोडवा आणि लाल दिव्यांची उघडझाप सुरू होते का ते पाहा. ती सुरू झाली तर आयसी, कपॅसिटर आणि रेझिस्टर तिन्ही निर्दोष ठरतात आणि संशय फक्त त्या एका तारेवर उरतो.

हौशी_कंदील

सांगितल्याप्रमाणे मोजमापे घेतली. आठव्या पिनेवर १२.० व्होल्ट, तिसऱ्यावर १०.६ व्होल्ट आणि दुसऱ्या-सहाव्यावर ४.३ व्होल्ट मिळाले, आणि हा शेवटचा आकडा मिनिटभर पाहूनही हलला नाही. बेसची तार सोडवल्याबरोबर लाल दिवे सुरू झाले आणि सव्वातीन सेकंद चालू, सव्वातीन सेकंद बंद असे अगदी घड्याळासारखे चालले. तार पुन्हा जोडली की पुन्हा तेच.

मग कुतूहल म्हणून पांढरे एलईडी एकेक करून काढत गेलो. आठ असताना दुसऱ्या पिनेवर ४.३ व्होल्ट, चार असताना ४.९, दोन असताना ५.७ आणि एकच उरला तेव्हा ७.० व्होल्ट मिळाले. म्हणजे एक एलईडी असतानाही मंडल अडकलेलेच राहिले. ब्रेडबोर्डवर मात्र एकच एलईडी होता आणि तो चालला होता! गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला आहे.

ओहमचा_नियम (उत्तर)

आपला गोंधळ वाढला असला तरी आपल्या मोजमापांनी उत्तर जवळजवळ देऊन टाकले आहे. बिघाड कोणत्याही भागात नाही. वेळ मोजणाऱ्या कपॅसिटरकडूनच आपण दिव्यांचे ओझे उचलून घेत आहोत आणि ते त्याला पेलत नाही.

५५५ च्या आत सारख्या किमतीच्या तीन रेझिस्टरांची एक शिडी असते. त्या शिडीमुळे पुरवठ्याचा एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश असे दोन टप्पे ठरतात, म्हणजे १२ व्होल्टांवर ४ आणि ८ व्होल्ट. कपॅसिटर ८ व्होल्टांपर्यंत चढला की सहावी पिन ते ओळखते, तिसरी पिन खाली जाते आणि सातवी पिन कपॅसिटर रिकामा करू लागते. तो ४ व्होल्टांवर उतरला की दुसरी पिन पुन्हा उलटे फिरवते. (हे तीन रेझिस्टर ५ किलोओहमचे असतात म्हणून ५५५ हे नाव पडले, असे आपल्याकडे सर्रास शिकवले जाते, पण १९७१ साली सिग्नेटिक्स कंपनीसाठी हा आयसी आखणारे हान्स कॅमेन्झिंड यांनी तो आकडा सहजच निवडला गेल्याचे सांगितले होते.) म्हणजे ८ व्होल्टांचा टप्पा गाठलाच नाही तर तिसरी पिन कायम वर राहणार आणि लाल दिवे कायम पेटलेले राहणार. आपण जे पाहता आहात ते नेमके हेच आहे.

आता टप्पा का गाठला जात नाही ते पाहू. कपॅसिटर भरणारा प्रवाह १०१ किलोओहममधून येतो. कपॅसिटर ८ व्होल्टांवर असताना त्या रेझिस्टरांवर फक्त ४ व्होल्ट उरतात, म्हणजे शेवटच्या क्षणी जेमतेम ४० मायक्रोअँपिअर हाती असतात. त्याच वेळी ट्रान्झिस्टरच्या एमिटरवर सुमारे ७.३ व्होल्ट असतील, त्यातून पांढऱ्या एलईडीचे ३ व्होल्ट वजा केले आणि उरलेल्या ४.३ व्होल्टांना २२० ओहमने भागले तर प्रत्येक एलईडीला जवळजवळ २० मिलिअँपिअर जायला हवेत, म्हणजे आठांना मिळून १५६. ट्रान्झिस्टर प्रवाह शेकडोपट वाढवतो हे खरे, पण त्या वाढलेल्या प्रवाहाचा तेवढाच अंश तो बेसमधून मागतो.

आपल्या ट्रान्झिस्टरचे वर्धन (तो प्रवाह किती पट वाढवतो ते) किती आहे हेही आपल्याच आकड्यांतून निघते. एक एलईडी असताना मंडल ७.० व्होल्टांवर स्थिरावले, याचा अर्थ तिथे येणारा सगळा प्रवाह बेस गिळत होता. येणारा प्रवाह ५ व्होल्ट भागिले १०१ किलोओहम, म्हणजे सुमारे ५० मायक्रोअँपिअर. एलईडीचा प्रवाह ३.३ व्होल्ट भागिले २२० ओहम, म्हणजे १५ मिलिअँपिअर, गुणोत्तर ३००. बीसी५४७ च्या ब गटाला ते अगदी साजेसे आहे. या ३०० ने आठ एलईडींचा हिशोब केला तर समतोल ४.३३ व्होल्टांवर येतो. आपण ४.३ मोजले आहेत.

ब्रेडबोर्डवरचे कोडेही यातच सुटते. तिथे एलईडी एकच होता, पण त्याला १ किलोओहम होता, त्यामुळे त्याची कमाल मागणी ४.३ मिलिअँपिअर आणि बेसची मागणी १४ मायक्रोअँपिअर होती. चाळीसातून चौदा गेले तरी काही शिल्लक राहत होते, म्हणून कपॅसिटर रखडत का होईना ८ व्होल्टांपर्यंत पोहोचत होता. भरताना बेस वाटा घेत होता आणि रिकामा होताना तोच बेस रिकामे करायला हातभार लावत होता, म्हणून चढायला चार सेकंद आणि उतरायला तीन सेकंद लागत होते. तो फरक आपण तेव्हाच मनावर घेतला असता तर डाग देण्याचे श्रम वाचले असते, असे म्हणणे आता सोपे आहे. मीही तो बहुधा सोडूनच दिला असता.

उपाय दोन आहेत आणि दोन्हींचा हेतू एकच आहे: कपॅसिटरला बेसचा भार जाणवू नये. पहिला उपाय म्हणजे मध्ये एलएम३५८ या ऑप-अँप आयसीचा अर्धा भाग व्होल्टेज अनुयायी म्हणून, म्हणजे आत येणारे व्होल्टेज जसेच्या तसे बाहेर देणारा म्हणून घालणे. त्याची बाहेरची पिन त्याच्याच ऋण आगमाला (इनपुटला) जोडायची आणि धन आगम कपॅसिटरला. तो कपॅसिटरकडून मायक्रोअँपिअरचा छोटासा अंशच घेतो. दुसरा उपाय म्हणजे सध्याच्या बीसी५४७ च्या एमिटरने दुसऱ्या मोठ्या ट्रान्झिस्टरचा बेस चालवणे, म्हणजे हाताने केलेली डार्लिंग्टन जोडी. मोठा ट्रान्झिस्टर घ्यावाच लागेल, कारण बीसी५४७ ची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे आणि मंडल अडकले नसते तर आपण त्याच्याकडून १५६ मागणार होतो. बीडी१३९ इथे उत्तम आहे. बीसी५४७ चे ३०० आणि बीडी१३९ चे साधारण १०० यांचा गुणाकार तीस हजार होतो, त्यामुळे कपॅसिटरवरची मागणी पाच मायक्रोअँपिअरच्या आसपास राहते.

कपॅसिटरच मोठा करणे हा तिसरा, जरा दांडगट उपाय आहे. १०० किलोओहमऐवजी २.२ किलोओहम आणि ४७ ऐवजी २२०० मायक्रोफॅरड घेतले तर उतरण्याचा वेळ साधारण तोच राहतो आणि शेवटच्या क्षणीही सव्वा मिलिअँपिअर उपलब्ध असतो. हे चालेल, पण चढणे-उतरणे असमान राहील आणि बीसी५४७ वर अन्याय होईल तो वेगळाच. मला तो पटत नाही.

घाईत_असलेला (उत्तर)

इतकी खटपट कशाला करावी? टीआयपी१२२ हा तयार डार्लिंग्टन कोणत्याही दुकानात मिळतो. सध्याचा बीसी५४७ काढून त्याच्या जागी तो बसवा, म्हणजे काम झाले.

ओहमचा_नियम

पहिल्या नजरेत मलाही तेच सुचले होते, परंतु या ठिकाणी टीआयपी१२२ बसवला तरी मंडल अडकण्याचीच शक्यता अधिक आहे. त्याच्या पोटात दोन्ही ट्रान्झिस्टरांच्या बेस आणि एमिटर यांच्यामध्ये एकेक रेझिस्टर आधीच बसवलेला असतो, आणि त्यांतला पहिला सुमारे ५ ते ८ किलोओहमचा असतो. पहिल्या ट्रान्झिस्टरचे ०.६५ व्होल्ट या रेझिस्टरवरही पडतात, त्यामुळे तो एकटाच ८० मायक्रोअँपिअर किंवा त्याहून अधिक पिऊन टाकतो. आपल्या हाती शेवटी ४० आहेत. मोटर किंवा रिले चालवताना ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिथे बेसला मिलिअँपिअर मिळत असतात. हाताने केलेल्या जोडीत हे रेझिस्टर नसतात आणि आपल्याला तेच हवे आहे.

हौशी_कंदील

हिशोब वाचताना अक्षरशः डोक्यात प्रकाश पडला. गावात एलएम३५८ मिळाला नाही, बीडी१३९ मात्र मिळाला, म्हणून जोडीचाच मार्ग धरला. पांढरे दिवे आता सुरेख चढतात आणि उतरतात. चढायला साडेतीन, उतरायला तीन सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो. बीडी१३९ हाताला कोमट लागतो.

परंतु दोन गोष्टी अजून खटकतात. पहिली म्हणजे दिवे कधीच पूर्ण विझत नाहीत. अंधारात पाहिले तर तळाला त्यांत मिणमिणता उजेड राहतोच. दुसरी अधिक त्रासदायक आहे. सव्वातीन सेकंदांनी होणाऱ्या लाल दिव्यांच्या बदलाला कोणी लुकलुक म्हणणार नाही, म्हणून लाल दिव्यांसाठी मी दुसरा ५५५ लावला. त्याला १ किलोओहम, ४७ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड दिले, त्यामुळे सेकंदाला साधारण दीड उघडझाप होते. टेबलावर दोन्ही ठीक चालले. कंदील सज्जात टांगून घरातल्या अडॅप्टरपासून दहा मीटर वायर नेल्यावर मात्र पांढऱ्या दिव्यांची लय बिघडली. ते कधी पूर्ण तेजापर्यंत जातात, कधी थोडे आधीच माघारी फिरतात, आणि नीट पाहिले तर ते माघारी फिरतात ते लाल दिव्यांचा ठोका पडतो त्याच क्षणी. दोन वेगळ्या आयसींना एकमेकांची चाहूल कशी लागते?

जुना_रेडिओ

चाहूल पुरवठ्याच्या वायरीतून लागते. आपण वायर कोणती वापरली ते लिहिले नाही, पण कंदिलाला लावतात तशी बारीक, ०.२ चौरस मिलिमीटरच्या आसपासची असेल तर जाऊन-येऊन वीस मीटरांचा तिचा रोध पावणेदोन ओहमच्या घरात जातो. जुन्या बायपोलर ५५५ ला एक खोड आहे: तिसरी पिन वरखाली होताना त्याचे वरचे आणि खालचे दोन्ही ट्रान्झिस्टर निमिषभर एकाच वेळी चालू राहतात आणि त्या क्षणी तो पुरवठ्यातून दोनशे मिलिअँपिअरच्या वरचा झटका ओढतो. त्या वायरीवर याचा अर्थ तिसरा हिस्सा व्होल्टाची खळी असा होतो. टप्पे पुरवठ्याच्या प्रमाणात ठरतात, म्हणून पुरवठा खचला की ८ व्होल्टांचा टप्पाही त्या क्षणापुरता पाव व्होल्टाने खाली येतो. आपला कपॅसिटर शिखराजवळ सेकंदाला एक व्होल्टापेक्षाही सावकाश चढत असतो. त्यामुळे शिखराआधीच्या पाव सेकंदात लाल आयसीने ठोका दिला की संथ आयसीला वाटते की टप्पा आला, आणि तो माघारी फिरतो.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक आयसीच्या आठव्या आणि पहिल्या पिनेच्या अगदी लगत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, ज्यावर १०४ असे छापलेले असते. बोर्डवर जिथे वायर येते तिथे १०० किंवा २२० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टांचा इलेक्ट्रोलायटिक लावा. पाचवी पिन मोकळी सोडली आहे असे आपण पहिल्याच संदेशात लिहिले होते आणि ते मला तेव्हाच खटकले होते, तिला ०.०१ मायक्रोफॅरडने ऋण बाजूशी जोडा, कारण वरचा टप्पा ठरवणारा बिंदू तीच आहे. लाल दिव्यांच्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरची तार संथ आयसीच्या पहिल्या पिनेवरून नेऊ नका, ती थेट वायर येते त्या बिंदूला न्या. हे करूनही थोडी कुरकुर राहिली तर वायर जाड घ्या, किंवा दोन्ही जागी ७५५५ हा सीमॉस प्रकार बसवा. त्याच्या पिना त्याच असतात आणि तो झटका जवळजवळ नसतो. मात्र त्याची तिसरी पिन तेवढा जोर देत नाही, म्हणून लाल दिव्यांच्या बेसचा रेझिस्टर १ ऐवजी ३.३ किलोओहमचा करावा लागेल.

मिणमिणत्या उजेडाविषयी सांगायचे तर कपॅसिटर ४ व्होल्टांखाली जातच नाही. त्यातून जोडीचे १.४ व्होल्ट वजा जाऊन एमिटरवर २.६ उरतात, आणि आजचे पांढरे एलईडी तेवढ्यावरही अंधुक दिसतात. एमिटर आणि दिव्यांच्या समूहाच्या मध्ये १एन४००७ डायोड एकसर घाला, म्हणजे तळाला दोनच व्होल्ट उरतील. शिखरावरचे तेज कमी वाटू नये म्हणून २२० चे रेझिस्टर १५० ओहमचे करा. प्रवाह एलईडीमागे १८ मिलिअँपिअर राहील, तो योग्य आहे.

आणखी एक गोष्ट, कारण आपण कंदिलात टांगणार आहात. बीडी१३९ ची धातूची पाठ आतून कलेक्टरला जोडलेली असते, म्हणजे तिच्यावर सरळ १२ व्होल्ट असतात. ती कंदिलाच्या तारेच्या सांगाड्याला टेकू देऊ नका.

मागच्या_बाकावरून (उत्तर)

वरचे सगळे उपाय योग्य आहेत आणि यंदापुरते तेच करावेत, पण मंद-तेज करण्याच्या मूळ पद्धतीविषयी थोडे लिहितो. सध्या आपण एलईडीचा प्रवाहच कमी-जास्त करता. त्यात दोन उणिवा आहेत. उरलेले व्होल्ट बीडी१३९ उष्णतेत घालवतो, आणि एलईडी एकसर लावता येत नाहीत, कारण एमिटर साडेसहा व्होल्टांच्या वर जातच नाही.

दुसरी पद्धत म्हणजे दिवे पूर्ण तेजाने पण अतिशय वेगाने चालू-बंद करायचे आणि त्यांतल्या चालू असण्याचा वाटा बदलायचा. तुमच्याकडे आता संथ ५५५ आहेच. तिसरा ५५५ वेगवान करा: १ किलोओहम, १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे सेकंदाला सुमारे सातशे आवर्तने. आता संथ कपॅसिटर आणि वेगवान कपॅसिटर यांची तुलना एलएम३९३ कडून करवून घ्या; संथ त्याच्या धन आगमाला, वेगवान ऋण आगमाला. गंमत अशी की दोन्ही कपॅसिटर एकाच पुरवठ्यावर ४ ते ८ व्होल्टांतच फिरतात, त्यामुळे काहीही जुळवावे न लागता चालू असण्याचा वाटा आपोआप शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत जातो आणि तळाला संपूर्ण काळोख मिळतो. एलएम३९३ ची बाहेरची पिन फक्त खाली ओढू शकते, म्हणून तिला १२ व्होल्टांपासून ३.३ किलोओहम द्या आणि तिथूनच बीसी५४७ चा बेस चालवा, एमिटर ऋण बाजूला. पांढरे एलईडी तीन-तीन एकसर लावता येतील. नऊ एलईडींच्या तीन माळांना मिळून ५४ मिलिअँपिअर पुरतील, म्हणजे बीडी१३९ चीही गरज उरत नाही.

आवर्तने शंभराच्या खाली मात्र आणू नका. स्थिर दिवा ऐंशीलाही स्थिर दिसेल, पण कंदील वाऱ्यावर झुलतो आणि झुलणारा दिवा हवेत ठिपक्यांची रेघ काढतो. माझ्या पहिल्या कंदिलाने ती काढली होती आणि शेजारच्या मुलांना तीच जास्त आवडली, हा भाग वेगळा.

तुम्हाला आणखी एक गोष्ट जाणवेल. चढताना दिवे आधी झपाट्याने उजळल्यासारखे दिसतात आणि शेवटचा सेकंद काहीच बदलत नाही असे वाटते. मंडल त्यात निर्दोष आहे. अंधुक उजेडातला लहानसा फरक डोळ्याला मोठा वाटतो आणि लख्ख उजेडातला तेवढाच फरक त्याच्या लक्षातही येत नाही. शिवाय कपॅसिटरही शिखराजवळ सावकाश होत जातो, त्यामुळे परिणाम दुणावतो.

हौशी_कंदील

काल रात्री सगळे बदल करून कंदील पुन्हा टांगला. ०.१ मायक्रोफॅरडचे दोन, पाचव्या पिनेचे दोन आणि वायरीच्या तोंडाशी २२० मायक्रोफॅरडचा एक असे पाच कपॅसिटर लावल्यावर लाल ठोक्याला पांढऱ्या दिव्यांनी माघार घेणे थांबले. मनगटी घड्याळ धरून वीस आवर्तने मोजली. एखाद्या दशांश सेकंदाचा फरक अजून पडतो, पण तो घड्याळाशिवाय कळत नाही. वायर खरोखरच बारीक होती. ती पुढच्या आठवड्यात बदलेन.

१एन४००७ घातल्यापासून तळाला जवळजवळ सेकंदभर पूर्ण काळोख होतो. तो इतका ठळक आहे की आईने पहिल्यांदा पाहिल्यावर कंदील बंद पडला असे समजून मला हाक मारली. तो थोडा कमी करावा असे वाटते. १एन४००७ च्या जागी शॉट्की डायोड लावून पाहिला तर चालेल का?

जुना_रेडिओ

चालेल. १एन५८१९ घ्या. त्यावर १एन४००७ च्या साधारण निम्मेच व्होल्ट पडतात, त्यामुळे तळाला काळोख राहील, पण आत्तापेक्षा बराच कमी वेळ. डायोडवरचा पट्टा दिव्यांच्या बाजूला ठेवा. रेझिस्टर १५० चेच ठेवलेत तर शिखरावर प्रवाह २० मिलिअँपिअरच्या किंचित वर जाईल, म्हणून त्यांच्या जागी १८० ओहमचे लावा.